डंकर्कची माघार: यश म्हणावे की अपयश?

प्रश्न

२६ मे ते ४ जून १९४० या काळात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्कहून, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने कोंडलेले ३,३८,२२६ ब्रिटिश, फ्रेंच व इतर दोस्त सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला पोहोचवण्यात आले. ब्रिटनमध्ये या घटनेचे स्मरण अभिमानाने केले जाते; मात्र तोफा, रणगाडे आणि वाहने जवळजवळ सगळी मागेच टाकावी लागली आणि १४ जूनला पॅरिसही पडले. अशा माघारीला यश म्हणणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १

फ्रान्समधील लढाईची मोहीम आणि तिच्या शेवटची माघार यांची येथे गल्लत होते आहे. जर्मन चिलखती तुकड्या आर्देनच्या जंगली, डोंगराळ भागातून मुसंडी मारत २० मे रोजी समुद्रापर्यंत पोहोचल्या, तेव्हाच मोहिमेचा निकाल लागला होता. इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून सूत्रे हलवणाऱ्या ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल रॅम्से यांच्यावर त्यानंतरचे काम सोपवले होते, ते म्हणजे जमतील तेवढी माणसे परत आणणे. आणि सुरुवातीचा अंदाज तर जेमतेम ४५,००० माणसांचा होता. तोफा कारखान्यात पुन्हा तयार करता येतात, परंतु कसलेले अधिकारी आणि सैनिक घडायला वर्षे लागतात. त्याच दिवसांत ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळात शांततेच्या वाटाघाटींचा प्रस्ताव चर्चेत होता. हे सैन्य हातचे गेले असते, तर तो फेटाळणे फार कठीण झाले असते. म्हणून मी याला निःसंशय यश मानतो.

प्रतिसाद २

‘निःसंशय’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. डंकर्कच्या आग्नेयेला असलेल्या लील शहरात वेढल्या गेलेल्या फ्रेंच सैन्याने ३१ मेपर्यंत अनेक जर्मन डिव्हिजन अडवून धरल्या, म्हणूनच किनाऱ्यावरच्यांना अवधी मिळाला. एक लाखाहून अधिक फ्रेंच सैनिक सुटले हे खरे. पण पिछाडी सांभाळणारे हजारो सैनिक ४ जूनला कैद झाले, आणि त्यांतील बहुतेक फ्रेंच होते. ही किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय यशाचा हिशेब अपुरा राहतो.

प्रतिसाद ३

तुलनेसाठी कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी हंगनाम बंदरातून घेतलेली माघार पाहावी. डिसेंबर १९५० मध्ये तेथून सुमारे १,०५,००० सैनिक, जवळपास तितकेच नागरिक आणि हजारो वाहनेही सुखरूप हलवली गेली. मात्र तेथे समुद्र व आकाश पूर्णपणे माघार घेणाऱ्यांच्याच ताब्यात होते, तर डंकर्कला बॉम्ब आणि टॉर्पेडोंच्या माऱ्यात ब्रिटिश नौदलाच्या सहा विनाशिका बुडाल्या. त्यामुळे डंकर्कला साहित्य वाचले नाही, याचा दोष माघारीच्या नियोजनाला देता येणार नाही. तो मे महिन्यातील पराभवाकडेच जातो.