मदत हवी आहे : पेपर कोनमुळेच सूत तुटतंय का?
नमस्कार मंडळी, इचलकरंजीजवळ स्पिनिंग मिलमध्ये ऑटोकोनरवर (सूत कागदी कोनवर गुंडाळणारं मशीन) आहे, 40 नंबर (सुताची जाडी) कॉटन चालतं. पावसाळ्यात 4 अंश 20 मिनिटं टेपरच्या (कोनाचा उतार) पेपर कोनचा नवीन लॉट आला तेव्हापासून कोन होल्डरवर घट्ट बसत नाही, फिरताना थरथरतो आणि त्याला फिरवणाऱ्या ड्रमला नीट टेकत नाही म्हणून गुंडाळी एका बाजूला सैल पडते. वार्पिंगवाले (कोनवरून विणकामाचा ताणा तयार करणारे) म्हणतात कोन संपत आला की धागा तुटतो. बोट फिरवून बघितलं तर टोकाची कड खरखरीत लागते, आणि उलगडताना धागा तिच्यावरूनच निघतो ना! कोन दमट झालेत की मुळात टेपरच चुकलाय, कसं ओळखायचं? गोडाऊनमध्ये तुम्ही कोन कसे ठेवता तेपण सांगा, चांगलं सूत रोज वाया जाताना बघवत नाही.