मदत हवी आहे: गोव्यात १ जूनपासून मासेमारी बंदी, माझी होडी समुद्रात जाऊ शकते का?

दर्याकाठ: चार दिवसांत बंदी लागतेय. फायबरची होडी आहे, बाहेर लावायचं इंजिन. जाता येतं की नाही, एवढंच सांगा. जेटीवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

मालीमकर: बंदी सगळ्यांना लागू आहे. १५ जून ते ३१ जुलै.

कांडाळवाला: १५ जून जुनं झालं, तेव्हा ४७ दिवस होते. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आणि सगळ्यांना नाही! ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) आणि पर्सीन (थव्याला वेढून पकडणारं मोठं जाळं) बंद. गोव्यात १० हॉर्सपॉवरपर्यंतची नोंदणीकृत होडी गिलनेट (पाण्यात उभं सोडायचं, मासा अडकणारं जाळं) घेऊन जाऊ शकते. दर्याकाठ, इंजिन किती हॉर्सपॉवरचं? जाळं कुठलं?

दर्याकाठ: गिलनेट. नोंदणी पुस्तकात आठ हॉर्सपॉवर आहे.

कांडाळवाला: पुस्तकात काय ते विचारलं नाही. होडीवर आत्ता काय बसवलंय?

बांगडाप्रेमी: आधी एलईडीवाल्यांना पकडा म्हणावं. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी (दिव्यांनी मासे ओढून पकडणं) आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी एक जाळं ओढणं) दोन्ही बंद केलं, तरी रात्री दिवे दिसतातच.

मालीमकर: धागा होडीचा आहे. पण जाळ्याचा आस (एका छिद्राचं माप) मोजून ठेवा. सुंगटांना (कोळंबीला) किमान २० मिमी, माशांना २४. ओलं जाळं ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजायचं. सुकलेलं मोजलं तर आकडा चुकतो.

दर्याकाठ: इंजिन नवीन आहे, प्लेटवर ११ लिहिलंय. एकच तर जास्त आहे, चालेल ना?

कांडाळवाला: ११ पुढे काय लिहिलंय? किलोवॅट असेल तर ते जवळपास १५ हॉर्सपॉवर झालं. १० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७.५ किलोवॅट. आणि ११ हॉर्सपॉवर असलं तरी मर्यादेबाहेरच.

दर्याकाठ: kW आहे. म्हणजे गेलो.

तारलेखाऊ: पण पाच किलोमीटरच्या आत राहिलं तर चालतं ना? तो पट्टा पारंपरिकांचाच.

कांडाळवाला: नाही. पाच किलोमीटरचा नियम यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून लांब ठेवायला आहे, बंदीतून सुटका द्यायला नाही. ट्रॉलरवाल्यांनी जीपीएसचा गजर २.७ नॉटिकल मैलांवर लावावा, तेच पाच किलोमीटर. ११ किलोवॅटचं इंजिन असलं की सवलतच गेली, किनाऱ्यापासून कितीही जवळ असा.

मालीमकर: आणि नवीन इंजिनाची नोंद झाली नसेल, तर बंदी नसतानाही कागद आणि इंजिन जुळत नाहीत. पावती आणि इंजिन नंबर घेऊन मच्छीमार खात्यात जा, नोंद बदलून घ्या.

कांडाळवाला: तोपर्यंत जुनं आठचं इंजिन शिल्लक असेल तर तेच लावा. नंबर पुस्तकाशी जुळतो का बघा. शिवाय लाइफजॅकेट सगळ्यांना पुरे, आणि आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटत असेल तर परवाना असूनही बाहेर पडू नका.

दर्याकाठ: जुनं आहे, पण ते सुरू होत नाही.

बांगडाप्रेमी: प्लग बघा आधी.