पिएरोचं ब्रेरातलं वेदीचित्र: भक्ती की फ्लेक्स?

खडूस_वाचक:
मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं एक वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर लावायचं चित्र) आहे, साधारण १४७२ ते ७४ मधलं. मधोमध मरिया, मांडीवर झोपलेला बाळ येशू, मागे संत आणि देवदूत. पुढ्यात चिलखत घालून गुडघ्यांवर बसलाय फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो, उर्बिनोचा सत्ताधीश आणि भाडोत्री सेनापती. १४७२ च्या जूनमध्ये यानेच फ्लॉरेन्ससाठी व्होल्तेर्राला वेढा घातला आणि शहर लुटलं गेलं. इथे मात्र हात जोडलेले. शिरस्त्राण आणि लोखंडी हातमोजे तेवढे काढून जमिनीवर ठेवलेत, बाकी चिलखत असं लखलखतंय की खिडकीचा उजेड त्यात दिसावा. गणपतीच्या मंडपात साहेबांचा फ्लेक्स असतो ना, तसलाच प्रकार.

निवांत:
साफ असहमत. १४७२ च्या जानेवारीत त्याला मुलगा झाला आणि जुलैत बायको बात्तिस्ता स्फोर्झा वारली. चित्र करवून घेणाऱ्या देणगीदार जोडप्यात नवरा मरियेच्या उजव्या हाताला, बायको डाव्या, असा रिवाज. इथे तो मरियेच्या डावीकडे, म्हणजे आपल्या उजवीकडे आहे आणि समोरची जागा मोकळी. जाहिरात करायची तर मानाची जागा कोण सोडतो?

खडूस_वाचक:
ज्याचा उजवा डोळा भालाझुंजीत गेलाय, तो सोडतो. नाकाचं हाडही तुटकं. त्यामुळे हा गृहस्थ चित्रात कायम डावी बाजू दाखवतो. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातल्या नवरा-बायकोच्या जोडचित्रातही तो उजव्या फळीवर, डावीकडे तोंड करून. विरह वगैरे नंतर.

शेवंता_७:
तुम्ही दोघं एकाच माणसावर अडलात, जरा संतांकडे बघा की! जेरोम हातात दगड घेऊन छाती बडवतोय. फ्रान्सिस अंगरख्याच्या फटीतून बरगडीची जखम दाखवतोय. हुतात्मा पीटरच्या टाळूवर घाव आहे. बाळाच्या गळ्यात पोवळ्याची माळ: दृष्ट लागू नये म्हणून घालत, पण तो लाल रंग पुढे सांडणाऱ्या रक्ताचाही. बाळाची झोप म्हणजे क्रुसावरच्या मरणाची चाहूल, हे तेव्हाच्या इटालियन चित्रांत नेहमीचं. एवढ्या गोतावळ्यात आपली जखम लपवणारा फेदेरिको एकटा. पिएरोला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही.

खडूस_वाचक:
हे आवडलं. पण वर टांगलेलं अंडं? शहामृग हे मोंतेफेल्त्रो घराण्याचं चिन्ह. म्हणजे थेट देवाच्या आईच्या डोक्यावर घराण्याचा लोगो!

निवांत:
चर्चमध्ये शहामृगाची अंडी टांगायची पद्धत फेदेरिकोच्या किती तरी आधीची. कुमारी मातेच्या पोटचा जन्म, पुनरुत्थान असे अर्थ त्याला चिकटलेले. आणि ते तिच्या डोक्यावर नाहीच. मागच्या कोनाड्यात दगडी शिंपला आहे, त्याच्या टोकाला साखळीने लोंबतंय. खांब आणि छताच्या चौकटी मागे मागे मोजत जा, अंडं बरंच आत सापडेल. शिवाय चित्राची लाकडी फळी कडांनी कापलेली आहे, त्यामुळे ‘बरोब्बर मध्यावर’ असले दावे जपूनच करावेत.

शेवंता_७:
दोन्ही अर्थ एकदम का नकोत? घराण्याचं चिन्ह आणि धर्माचं चिन्ह वेगळं ठेवायची गरज तेव्हा कुणाला होती!

निवांत:
शिवाय १८११ मध्ये ब्रेरात हलवेपर्यंत हे चित्र उर्बिनोजवळच्या सान बेर्नार्दिनो चर्चमध्ये होतं. फेदेरिकोचं थडगं तिथेच आहे. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची ती जागा. संग्रहालयाच्या भिंतीवर बघून फ्लेक्स म्हणणं सोपं आहे.

खडूस_वाचक:
थडग्यापाशीही फ्लेक्स लागतात. पूर्ण चिलखत उतरवून बसला असता, तर मानलं असतं.