मदत हवी आहे: थायरॉइडच्या गोळ्या लागू पडल्या, पण गळ्याची सूज तशीच

बहिणीला ग्रेव्हज आजार निघालाय (यात शरीराच्याच अँटिबॉडीज थायरॉइड ग्रंथीला चिथावून जास्त हार्मोन बनवायला लावतात). कार्बिमाझोल या हार्मोन कमी करणाऱ्या गोळीने धडधड, हातांची थरथर कमी झाली, वजनही थोडं भरलं. टी३, टी४ (थायरॉइडची हार्मोन्स) नॉर्मल आलेत. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) अजून खालीच, पण त्याला वर यायला काही महिने लागू शकतात, तेव्हा त्याची चिंता नाही. प्रश्न गलगंडाचा आहे. वेगळी गाठ नाही, दोन्ही बाजूंना सारखी सूज. ग्रंथीला चिथावणाऱ्या अँटिबॉडीज कमी झाल्या की आकारही उतरू शकतो म्हणे. तुमच्यापैकी कुणाचा खरंच उतरला का, की शेवटी ऑपरेशनच करावं लागलं? आडवं झाल्यावर तिला गळा दाबल्यासारखा वाटतो. त्यासाठी सोनोग्राफी पुरली का? सीटी स्कॅनच्या वेळी देतात त्या डायमध्ये आयोडीन असतं, म्हणून विचारतेय. (आयोडीनच्या गोळ्या कृपया सुचवू नका, यात उलट बिघडू शकतं.)