कोल्हापूरची बलेनो ६५ हजारांनी स्वस्त मिळूलिय, घेऊ का?

येळ्ळूरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर असतो. लोखंड कळतं, गाडी कळत नाही. बाबांचा गुडघा गेलाय, दर आठवड्याला रिक्षाने दवाखाना परवडत नाही, म्हणून जुनी गाडी बघूलोय. २०१८ ची पेट्रोल बलेनो, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, ५२ हजार किलोमीटर, एका डीलरकडे ४.६० लाखाला आहे. तसलीच केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, इथे ५.२५ ला सांगूलेत. फोटोत गाडी चकाचक आहे. रविवारी बघायला जातोय. काय काय बघू? आमच्या शेजारच्या काकांनी फक्त "टायर लाथ मारून बघ" एवढंच सांगितलंय.

शहापूर_गल्ली

टर्नरदादा, मी काय मेकॅनिक न्हवे, पण एकदा चांगला फसलोय, त्यामुळे लिहितो.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी तिकडूनच एक डिझेल गाडी आणली. आत अत्तराचा असा घमघमाट की वाटलं लग्नाची गाडी आहे. दीड महिना मस्त पळाली. मग लॉकडाऊन, गाडी दारात उभी. जूनमध्ये चावी फिरवली तर सेल्फ नाही, काच खाली होईना आणि हॉर्न मात्र आपोआप वाजूलाय! वायरमनने पुढची मॅट उचलली तर खाली वाळून पापडी झालेला काळा गाळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने शिरोलीजवळ हायवे बंद होता, आठवतंय ना? त्या पाण्यात गेलेली गाडी. वायरिंगचे सगळे जोड हिरवे पडलेले. ७० हजार घातले आणि शेवटी पडत्या भावात विकली. विकताना मात्र खरं सांगून विकली, बायकोने सांगायलाच लावलं.

तेव्हा इंजिन राहू दे, आधी पाणी शोध. चारी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. बाहेरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर पाण्याची रेघ राहते. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघ. सीटच्या खाली मोबाईलचा टॉर्च मारून रुळांवर आणि स्प्रिंगांवर गंज आहे का बघ. बूट-चपला लागतात तिथे थोडा गंज असतोच, पण डॅशबोर्डच्या आतल्या पत्र्यावर गंज कशाला असेल? आणि जुलै २०२१ मध्ये गाडी कुठे होती ते विचार. तेव्हा पण पूर आला होता.

गॅरेजवाला_तिसरं_गेट

वरचं सगळं बरोबर. माझी थोडी भर.

डीलरला आदल्या दिवशी फोन करून सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सकाळचा धूर लपवलाय समजा. थंड इंजिन चालू करून मागे माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर पुढे बोलूच नका.

ठोकलेली गाडी ओळखायला दाराचं रबर ओढून काढा. कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्याचे ठिपक्यासारखे जोड, गोल आणि एकसारख्या अंतरावर असतात, हातोडीच्या कामात ते बुजतात. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे बघा. सगळ्या काचांवर सालाची खूण असते, एकच काच वेगळ्या सालाची असेल तर विचारा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. लाथ मारायची गरज नाही ओ.

किलोमीटर मीटरवर नका बघू. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर देऊन मालकाकडूनच हिस्ट्री काढून घ्या.

चिक्कोडीची_अक्का

६५ हजार वाचले असं कुणी सांगितलं? एमएच गाडी कर्नाटकात वर्षाच्या वर ठेवायची तर नंबर बदलून घ्यावा लागतो आणि इथला आजीवन कर गाडीच्या वयानुसार परत भरावा लागतो. तिकडच्या कराचा परतावा मागता येतो, पण आधी खिशातून जातात. कोल्हापूर आरटीओचं ना हरकत पत्र (एनओसी), म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही हवी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५. परिवहनच्या साइटवर दंड बाकी आहे का तेही बघा. विमा नावावर करायला १४ दिवस असतात, माझ्या भावाने विसरून घोळ केला होता.

येळ्ळूरचा_टर्नर

जाऊन आलो. डिकी कोरडी, गंज नाही, धूर नाही. मन झालं होतं. पण बेल्ट ओढताना खालच्या पट्टीवरचं, बेल्ट बनवल्याचं साल वाचलं. मागच्या दोन्हींवर २०१८, पुढच्या दोन्हींवर २०२१. डीलर म्हणाला, पोराने ब्लेडने कापले होते. दोन्ही?

गॅरेजवाला_तिसरं_गेट

एअरबॅग फुटल्या की पुढचे बेल्ट बदलावे लागतात. चावी लावल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला का? अजिबातच लागला नसेल तर बल्बच काढलाय.

येळ्ळूरचा_टर्नर

लागलाच नाही. मला वाटलं बंद आहे ते चांगलंच. सोडली गाडी. आता खानापूरच्या एका मास्तरांची केए २२ वॅगन आर बघितलीय, एकच मालक, सगळी बिलं फाईलला लावलेली. पण बेल्टच्या आत तांबडी धूळ आहे. पूर?

शहापूर_गल्ली

पट्टा झटकून बघ. पावडरीसारखी उडाली तर ती रस्त्याची माती, खानापूरला घराच्या भिंती पण तांबड्याच असतात. एका उंचीवर सरळ रेघ असेल आणि नखाने खरवडावी लागली तर फोन कर, मी येतो बघायला.

येळ्ळूरचा_टर्नर

उडाली. नाकात गेली.