धुळीच्या ॲलर्जीसाठी रक्ततपासणी सरसकट करावी का?

सागरवेळ:
सकाळी उठल्याबरोबर ओळीने शिंका येतात, माळा आवरायला घेतला की नाक वाहू लागते, असे सांगणाऱ्या रुग्णाला पहिल्याच भेटीत शेकडो घटकांचे ॲलर्जी पॅनेल (एकत्रित रक्ततपासणी) करायला लावणे मला चुकीचे वाटते. या तपासणीत एकेका घटकाविरुद्धचे आयजीई प्रतिपिंड (ॲलर्जीत शरीर तयार करते ती प्रथिने) मोजतात आणि लिटरला ०.३५ किलोयुनिटपेक्षा अधिक आकडा आला की लॅब सहसा 'पॉझिटिव्ह' लिहिते. पण त्याचा अर्थ शरीर त्या घटकाबाबत संवेदनशील झाले आहे एवढाच असतो. त्रास त्यानेच होतो हे त्यातून ठरत नाही. धूळकिड्यांना (घरच्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांना) पॉझिटिव्ह असलेल्या काहींच्या रिपोर्टात कोळंबीही पॉझिटिव्ह येते, कारण ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोन्हींत बरेच सारखे असते. मग जन्मभर विनातक्रार कोळंबी खाल्लेल्या माणसाच्या ताटातून ती कायमची जाते आणि सर्दी मात्र आहे तशीच राहते.

ओवी:
आपला रोख मोठ्या पॅनेलवर असेल तर मान्य, परंतु तपासणीलाच नाके मुरडणे पटत नाही. माझ्या मुलाच्या दोन्ही हातांवर आणि पाठीवर इसब आहे. टोचून करायच्या त्वचाचाचणीला निरोगी त्वचा लागते आणि त्याआधी खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. त्या बंद केल्या की तो रात्रभर खाजवत बसतो. रक्ततपासणीवर या गोळ्यांचा परिणाम होत नाही. डॉक्टरांनी धूळकिडे, झुरळ, बुरशी आणि मांजर एवढेच घटक लिहून दिले. नातेवाईक ज्या मांजराला घराबाहेर काढा म्हणून मागे लागले होते, ते निगेटिव्ह आले आणि धूळकिडे ठळक पॉझिटिव्ह आले. मांजर घरात राहिले, जुनी कापसाची गादी गेली.

सागरवेळ:
आपल्या डॉक्टरांनी आधी लक्षणे विचारली आणि मग मोजके घटक निवडले, याला माझा विरोध नाही.

कातळशिल्प:
माझे मत आणखी पुढचे आहे: धुळीचा संशय असेल तर ही छोटी तपासणी सुरुवातीलाच करावी. धूळ हा एक पदार्थ नाही. नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास घरच्या धुळीतील ॲलर्जीचा संबंध धूळकिड्यांशी जोडला. पण आपल्याकडच्या धुळीत झुरळांचे अवशेष आणि ओल्या भिंतींवरची बुरशीही असते आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा आहे. धूळकिड्यांसाठी गादी-उशांना घट्ट विणीची आवरणे घालून चादरी-अभ्रे दर आठवड्याला साधारण ६० अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात, झुरळांसाठी रात्रीचे खरकटे आणि मोरीची जाळी बघावी लागते, तर बुरशीसाठी गळती काढावी लागते. नेमके कारण न कळता हे सगळे एकदम करणे किती घरांना झेपेल?

सागरवेळ:
प्रश्न रास्त आहे, पण भिंतीवरची ओल आणि ओट्यावरची झुरळे डोळ्यांनी दिसतात. धूळकिडे दिसत नाहीत हे खरे. मात्र ते हवेतील दमटपणावर जगतात, त्यामुळे मुंबईत किंवा कोकणात ते गादीत असणार हे गृहीतच धरावे. शिवाय काही रुग्णांत ॲलर्जी नाकापुरतीच असते आणि रक्त निगेटिव्ह येते. तेवढ्यावरून त्यांचा त्रास नाकारणे अन्याय आहे. नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे सुरू करायला रिपोर्टाची वाट पाहावी लागत नाही. तीन ते पाच वर्षे चालणारी इम्युनोथेरपी (ॲलर्जीच्या घटकाचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणे) द्यायची असेल, तेव्हा मात्र त्वचेची किंवा रक्ताची तपासणी हवीच.

ओवी:
स्प्रेने नाक मोकळे होईल, पण मांजर ठेवायचे की नाही हे स्प्रे सांगत नाही, आणि आमच्या घरात भांडण त्यावरच होते. माझा आक्षेप रिपोर्ट देण्याच्या पद्धतीवर आहे: लाल अक्षरांतले आकडे डॉक्टरांच्या आधी थेट मोबाइलवर येतात आणि घरातली माणसे त्याच रात्री मुलाचे दूध बंद करतात. लॅबने डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेला एकही घटक तपासू नये.

कातळशिल्प:
चिठ्ठीची अट मलाही मान्य आहे. पण ज्या तालुक्यात ॲलर्जीचा जाणकारच नाही, तिथल्या रुग्णाला ती चिठ्ठी कोण लिहून देणार, हेही सांगा.