टी-शर्ट, फावडे आणि ३१ मार्च : कंपन्यांच्या सेवाकार्याचे खानदेशातील अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात मी काम करतो आणि गेली काही वर्षे सामाजिक दायित्वाच्या खर्चाचा हिशेब माझ्याच टेबलावरून पुढे जातो. कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्याच कलमात आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही म्हटले आहे, आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या श्रमाचे तास रुपयांत मोजून या खर्चात दाखवता येत नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे, हे मात्र अनेक व्यवस्थापकांनाही सांगावे लागते.

कारखानदाराने गावासाठी काही करावे ही गोष्ट खानदेशाला कायद्याने शिकवलेली नाही. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था १९१६ ची आहे आणि त्यामागे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठजी होते. पुढे मोठ्या दानासाठी देशभर ओळखल्या गेलेल्या विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये अमळनेरातच, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. जळगावात २०१२ मध्ये उभे राहिलेले गांधीतीर्थ हे महात्मा गांधींवरील संग्रहालय भवरलाल जैन यांच्या उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभे आहे. परंतु हा धागा अशा मोठ्या वास्तूंसाठी नाही. तुमच्या कंपनीने तुम्हाला एखाद्या शनिवारी बसमध्ये बसवून कोठे नेले असेल, किंवा तुमच्या गावात, शाळेत, रुग्णालयात अशी बस येऊन थांबली असेल, तर काय केले, ते कोणाच्या सांगण्यावरून केले आणि वर्षभराने तेथे काय उरले, हे लिहावे. तक्रार असल्यास कंपनीचे नाव लिहू नये, ही एकच विनंती.

चोपडा तालुका, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक

आमच्या शाळेत दप्तरे आली ती २६ मार्चला. चौथीची मुले महिनाभरात शाळा सोडून जाणार होती आणि त्यांच्या हाती मुळाक्षरांची चित्रे असलेली दप्तरे पडली. पाहुण्यांची कोणतीही चूक नव्हती. ती मंडळी मनापासून आली होती, मुलांबरोबर जमिनीवर बसून जेवली. मात्र तीच दप्तरे जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आठवड्यात आली असती, तर पहिलीत नाव घालण्यासाठी मला ज्या चार घरांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, त्या कदाचित लागल्या नसत्या. मार्चमध्येच सगळ्यांना शाळा का आठवते, हे हिशेबवाल्या भाऊंनी सांगावे.

धागाकर्ता

सर, कारण सरळ आहे : ३१ मार्चला वर्ष संपते आणि रक्कम शिल्लक दिसू नये असे वरिष्ठांना वाटते. वास्तविक कायदा इतका आडमुठा नाही. एखादे काम एकाहून अधिक वर्षे चालणारा प्रकल्प म्हणून आधीच मंजूर केलेले असेल, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत बँकेतील वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. पण त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच कागद तयार करावे लागतात, आणि त्या वेळी कोणी शाळेचा विचार करीत नाही. मीही कैक वर्षे केला नाही. मार्चमध्ये दप्तरांची जी बिले मी मंजुरीसाठी पाठवली, त्यांत तुमच्यासारख्या अनेक शाळा असणार.

शहादा, सध्या पुणे, संगणक अभियंता

आमची कंपनी सेवाकार्यासाठी वर्षाला दोन दिवसांची भरपगारी रजा देते. मी मूळची शहाद्याची असल्यामुळे धडगाव तालुक्यातील एक पाडा मीच सुचवला, आणि जानेवारीत आम्ही बावीस जण रात्रभर बसने प्रवास करून तेथे पोहोचलो. घोंगड्या वाटायच्या, मुलांना संगणक दाखवायचा, संध्याकाळी खेळ घ्यायचे असा कार्यक्रम होता. पाड्यावर पोहोचल्यावर निम्म्याहून अधिक घरांची दारे बंद दिसली. कर्ती माणसे दिवाळीनंतरच ऊसतोडीला गुजरातेत गेली होती आणि होळीला परतणार होती. मागे राहिले होते ते म्हातारे आणि लहान मुले. शहाद्यात लहानाची मोठी झालेली असूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते, याची लाज मला आजही वाटते. मुले पावरी बोलत होती. आमची मराठी त्यांना पुस्तकासारखी वाटत होती, आणि मी ज्या अहिराणीच्या भरवशावर ‘मी इकडचीच’ म्हणून पुण्यात मिरवले होते, तिचाही तेथे काही उपयोग झाला नाही. आश्रमशाळेचे एक गुरुजी दिवसभर दुभाष्याचे काम करीत राहिले.

दुपारी एका आजीने आणि तिच्या शेजारणींनी आम्हा बावीस जणांना मक्याच्या भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. नको म्हणणे शक्य नव्हते. परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात हिशेब करीत होते की आम्ही तेथे जेवढे वाटले आणि जेवढे खाल्ले, त्यांत तफावत किती असेल.

दुसऱ्या वर्षी मी गुरुजींना आधी फोन केला आणि काय हवे ते विचारले. त्यांनी संगणकाचे नावही काढले नाही. मुलांचे जातीचे दाखले, आधारमधील नावांच्या चुका आणि शिष्यवृत्तीसाठी लागणारी बँकखाती यांत पालकांचे मजुरीचे दिवस बुडतात, तालुक्याला दोन-दोन फेऱ्या होतात आणि एवढे करून अर्ज परत येतो, असे त्यांनी सांगितले. म्हणून आम्ही होळीनंतरच्या आठवड्यात, माणसे घरी असताना, फक्त चार जण गेलो. दोन लॅपटॉप, एक स्कॅनर आणि भाड्याचे जनरेटर एवढेच सामान होते. दोन दिवसांत साठेक कुटुंबांची कागदपत्रे लावून झाली. एकाच बापाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले असणे ही तेथील मुख्य अडचण आहे, आणि ती सोडवण्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा गुरुजींच्या जुन्या हजेरीपटाचा आधार अधिक झाला. कंपनीच्या अहवालात मात्र हे काम फिके ठरले. पहिल्या वर्षी घोंगड्यांची चाळीस छायाचित्रे होती. या वेळी छायाचित्रांची मागणी आली तेव्हा माझ्याकडे पाठवण्यासारखी एक स्कॅनरची आणि एक जनरेटरची, अशी दोनच होती.

धुळे, रक्तपेढीतील तंत्रज्ञ

मी मदत घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. एक मोठी कंपनी आपल्या संस्थापकांच्या स्मरणार्थ डिसेंबरमध्ये रक्तदान शिबिर घेत असे आणि एका दिवसात तीनशेहून अधिक पिशव्या जमत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येई आणि आमच्याकडे शीतपेट्यांत जागा उरत नसे. रक्तातील लाल पेशी, वापरलेल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट तर ५ दिवसच. म्हणजे डिसेंबरचे रक्त फार तर जानेवारीअखेरपर्यंत. खरी टंचाई पडते ती एप्रिल-मेमध्ये, जेव्हा महाविद्यालये बंद असतात, लग्नसराई असते आणि ४३-४४ अंशांत रक्त द्यायला कोणी घराबाहेर पडत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. त्या आजाराच्या काही रुग्णांना आणि थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त लागते, आणि त्यांचा आजार महिना पाहून येत नाही.

पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. म्हणून हेच शिबिर चार भागांत विभागून घ्यावे, अशी विनंती मी केली. ‘मग एका दिवसाचा विक्रम कसा होणार?’ असा प्रश्न मला गंभीरपणे विचारण्यात आला. दोन वर्षे असेच गेले. शेवटी त्या कंपनीतीलच एका कामगाराच्या मुलीला मे महिन्यात रक्त मिळवण्यासाठी तीन जिल्ह्यांत फिरावे लागले, आणि त्याच्या विभागातील कामगारांनी व्यवस्थापनाला न विचारता सकाळी सातला, पहिल्या पाळीपूर्वी, आमच्याकडे येणे सुरू केले. आता मेमधील शिबिर अधिकृत झाले आहे. त्यात सत्तर-ऐंशी पिशव्या जमतात आणि त्यांतील एकही वाया जात नाही.

नरडाणा परिसर, देखभाल विभागातील फिटर

५ जूनला झाडे लावणे हा आमच्याकडे नियमच होता. त्या तारखेला आपल्याकडे पावसाचा पत्ता नसतो, हे कोणालाही विचारले असते तरी कळले असते. तीन वर्षे त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावली. चौथ्या वर्षी आम्ही फिटर मंडळींनी भंगारात निघालेल्या ठिबकच्या नळ्या जोडून एक जुनी टाकी उंचावर बसवली आणि रोपे जुलैत दोन पाऊस झाल्यावर लावली. कडुनिंब जगले, चिंच जगली. गुलमोहर शेळ्यांनी खाल्ला.

जळगाव, कंत्राटी कामगार

सर्वांचे वाचले. माझा अनुभव थोडा कडू आहे. श्रमदानाच्या दिवशी कायम कर्मचाऱ्यांना टी-शर्ट, टोपी आणि अल्पोपाहार असतो. पण खड्डे आदल्या दिवशी आम्हीच खणून ठेवलेले असतात, कारण साहेबांना कठीण जमीन झेपत नाही. आमचा मुकादम म्हणतो, ‘त्यास्ले टी-शर्ट, आपले फावडं, भो.’ त्या दिवशी आमची हजेरी लागते, तेव्हा मी त्याला दान म्हणत नाही, काम म्हणतो आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार दुसरीच आहे. एका पुराच्या वेळी आमच्या सर्वांच्या मजुरीतून एक दिवसाची रक्कम मदत म्हणून कापली गेली आणि संमतीचा कागद आम्ही पुढच्या आठवड्यात पाहिला. पुरात बुडालेल्यांना मी स्वतःहून दिले असते, बहुधा एका दिवसापेक्षा जास्तच दिले असते. पण विचारले असते तर.

धागाकर्ता

दादा, तुम्ही लिहिलेत हे फार आवश्यक होते. कर्मचाऱ्यांच्या पगारातून येणारी देणगी ही कर्मचाऱ्यांची असते; ती कंपनीच्या २ टक्क्यांत धरता येत नाही, आणि लेखी संमतीशिवाय ती कापणे मला हिशेबनीस म्हणूनही मान्य नाही. आमच्याकडे दरमहा ५० रुपयांपासून ऐच्छिक कपात आहे आणि जेवढे जमेल तेवढीच भर कंपनी घालते. नव्या करप्रणालीत देणगीवरील प्राप्तिकराची (८०-जीची) सवलत मिळत नाही हे कळल्यावर काही मोठ्या पगाराच्या मंडळींनी आपली नावे काढून घेतली. पन्नास रुपयेवाल्यांपैकी मात्र एकानेही काढले नाही, कारण त्यांना ती सवलत मुळात कधी लागलीच नव्हती.

अमळनेर, निवृत्त शिक्षक

अमळनेरचा आहे असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, ‘मग विप्रोचे शेअर किती?’ आमच्याकडे एकही नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या गावाने २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत भाग घेतला होता. १ मे रोजी एका कंपनीचे पन्नासेक कर्मचारी हातमोजे घालून, पावसाचे पाणी अडवणारे सलग समतल चर खणायला आले. दहा वाजेपर्यंत त्यांच्या हातांना फोड आले आणि आमच्या बायकांनी त्यांना कुदळ कशी धरायची ते शिकवले. खणलेल्या मातीचा हिशेब केला तर त्यांचे काम यंत्राच्या तासाभराचेही नव्हते. कंपनीने यंत्राच्या डिझेलसाठी जी रक्कम दिली, तिचा उपयोग पुष्कळ अधिक झाला. तरीही त्या माणसांचे येणे निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. आमच्या गावात दोन तट होते आणि निवडणुकीपासून ते एकमेकांच्या बांधावर पाय ठेवीत नव्हते. पाहुणे येणार म्हटल्यावर दोन्ही आळ्यांतून भरीत-भाकरी आली आणि एकाच झाडाखाली पंगत बसली. दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, पण दोन्ही आळ्यांतील माणसे पहाटे कामावर होती. सर्व नव्हे, पण होती. पावसाळ्यानंतर खालच्या तीन विहिरींना पाणी टिकले. चर आता बऱ्याच ठिकाणी बुजले आहेत आणि गाळ काढायला अद्याप कोणतीही कंपनी आलेली नाही. गाळ काढण्याचे छायाचित्र चांगले येत नसावे.

जळगाव, मनुष्यबळ विभागातील अधिकारी

छायाचित्रे मागणारी ती मीच, म्हणजे माझ्यासारखी. मुंबईच्या कार्यालयाकडून जो तक्ता येतो, त्यात लाभार्थींची संख्या, स्वयंसेवकांचे तास आणि किमान सहा छायाचित्रे असे रकाने असतात. ‘कोणी सांगितले’ आणि ‘वर्षभराने काय उरले’ यांसाठी रकाना नाही. रकाने भरले नाहीत तर पुढील वर्षीची मंजुरी अडते, हे मी भीतीपोटी सांगत नाही, अनुभवाने सांगते. यंदा दप्तरांचा प्रस्ताव मी ऑगस्टमध्येच पाठवणार आहे. कंत्राटी कामगार दादांनी लिहिले ते वाचून आमच्याकडील संमतीचे कागद काढून पाहिले. त्यांतील काही कागदांवर कपातीनंतरची तारीख आहे आणि त्याबद्दल मी वरिष्ठांना लिहिले आहे.

शहाद्याच्या ताईंना एक विचारायचे आहे. स्कॅनर आणि जनरेटर अशा दोनच छायाचित्रांचा तो अहवाल शेवटी मंजूर झाला का?

शहादा, सध्या पुणे, संगणक अभियंता

झाला, ताई. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा झाला. मधल्या काळात गुरुजींनी मिळालेल्या दाखल्यांची यादी आपल्या हाताने लिहून पाठवली होती, ती मी छायाचित्रांच्या जागी जोडली. यादीत एकेचाळीस नावे होती आणि उरलेल्या अर्जांचे काय झाले तेही त्यांनी खाली लिहिले होते. त्यांतले सात अर्ज नावांतील फरकामुळेच अडकले आहेत, म्हणून येत्या होळीनंतर पुन्हा जायचे आहे.